थांबू का, की करून टाकू? बोन मॅरोबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सारखा सारखा न्यूमोनिया होणाऱ्या बाळांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. बीपी, गुडघे आणि केसगळतीवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात. या वेळी सगळी जागा जन्मतःच प्रतिकारशक्तीत खोट असलेल्या मुलांना आणि त्यांच्या स्टेम सेल ट्रान्सप्लांटला. कोणी बीएमटी म्हणतं, कोणी बोन मॅरो, कोणी नुसतं ‘मॅरो बदलला’ म्हणतं, आपल्यापुरतं सगळं एकच समजा: रक्तातल्या सगळ्या पेशी ज्या बियाण्यातून उगवतात ते बियाणंच नासकं निघालं, म्हणून दुसऱ्याकडून आणून पेरायचं.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. दुसऱ्या महिन्यापासून खोकला, जुलाब, तोंडात पांढरा थर येतो, औषधाने जातो परत येतो. वजन ५ किलोला अडकलंय. बीसीजीची जागा अजून वाहते आणि काखेत लिंबाएवढी गाठ आहे. चार डॉक्टर झाले, शेवटी परळला टेस्ट होऊन स्किड (जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा आजार) निघाला. मोठी मुलगी चार वर्षांची, तिची एचएलए (मॅरो जुळतो का ते बघायची टेस्ट) पूर्ण मॅच आली. डॉक्टर म्हणतात जितक्या लवकर होईल तितकं बरं. माझी आई म्हणते आधी पोराला बाळसं धरू दे, आणि एकाला वाचवायला दुसरीच्या मणक्यात सुया नकोत. शिवाय खर्च. काय करू? — एक बाबा, डोंबिवली

उत्तर: थांबू नका. पहिलं वाक्य हेच लिहिते कारण बाकीचं तुम्ही ट्रेनमध्ये वाचाल.

आजींचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण स्किडमध्ये बाळ बाळसं धरत नाही ते दूध कमी पडतं म्हणून नाही, आत सतत कुठलं ना कुठलं इन्फेक्शन चालू असतं आणि ते परतवायला टी सेलच, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच नसतात, म्हणून धरत नाही. तुम्ही वजनाची वाट बघत बसाल आणि तेवढ्यात पुढचा न्यूमोनिया दारात उभा. उत्तर अमेरिकेतल्या २५ सेंटरमधल्या २४० स्किड बाळांचा अभ्यास २०१४ साली छापून आला होता. साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांचं ट्रान्सप्लांट झालं त्यातली ९४ टक्के जगली, त्याहून मोठी पण कधीच इन्फेक्शन न झालेली ९० टक्के, आणि इन्फेक्शन होऊन ते आटोक्यात आणून मग ट्रान्सप्लांट केलेली ८२ टक्के. तुमचं बाळ या तिसऱ्या गटात बसवायचंय, म्हणजे आत्ता जी काय घाई चाललीय ती छातीतलं इन्फेक्शन आणि बीसीजी आटोक्यात आणायची, आणि ते जमलं की एक दिवससुद्धा फुकट घालवायचा नाही.

काखेतल्या गाठीबद्दल. बीसीजी ही जिवंत, पण कमजोर केलेल्या जंतूंची लस आहे. धडधाकट बाळाला ती काही करत नाही, दंडावर एक वण राहतो, आपल्या सगळ्यांच्या आहे. पण ज्याच्याकडे टी सेलच नाहीत त्याच्या अंगात तेच कमजोर जंतू मोकाट सुटतात. तुमचं काही चुकलं नाही, आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या सगळ्यांना देतात आणि टीबीच्या देशात ते बरोबरच आहे. आता त्यासाठी टीबीची औषधं चालू झाली असतील, ती ट्रान्सप्लांटनंतरही बराच काळ चालू राहतील, आणि एक आधीच सांगून ठेवते, नवीन पेशी कामाला लागल्या की ती गाठ उलट फुगू शकते, लाल होऊ शकते. घाबरू नका, नव्या पहारेकऱ्यांना जुना चोर सापडला असा त्याचा अर्थ असतो, पण डॉक्टरांना लगेच दाखवा.

मुलीबद्दल. मणक्याशी काहीही संबंध नाही! मॅरो काढतात तो कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन, ती झोपलेली असते. पाच किलोच्या बाळाला लागतो साधारण चहाच्या एका कपाएवढा. दोन दिवस कंबर दुखेल, पॅरासिटामॉल पुरतं, आणि जेवढा काढला तेवढा काही आठवड्यांत शरीर पुन्हा बनवतं. पण तिला सांगा. चार वर्षांची आहे म्हणून ‘फिरायला जायचंय’ असं फसवून नेऊ नका, मी हे पाहिलंय, अशी मुलं नंतर पांढरा कोट दिसला की किंचाळतात. ‘बाळाकडे एक गोष्ट नाहीये, तुझ्याकडे खूप आहे, थोडी देऊया का’ एवढं तिला कळतं. आणि त्या दिवशी भेटायला येणाऱ्यांनी फक्त बाळासाठी खेळणं आणू नये एवढं बघा.

ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन थिएटर, टाके वगैरे काही नसतं. मॅरोची पिशवी रक्तासारखी सलाइन स्टँडला टांगतात आणि नळीतून थेंब थेंब जाते. पेशी आपला रस्ता शोधत हाडात जाऊन बसतात. सख्ख्या भावंडाचा पूर्ण मॅच असेल आणि बाळाकडे नवीन पेशी नाकारायलाच टी सेल नसतील तर कधीकधी आधीची केमोसुद्धा लागत नाही. तुमच्या बाळाचा स्किड कुठल्या जीनमुळे आहे त्यावर ते ठरेल, ते विचारा.

तोपर्यंत घरी आणि वॉर्डात तीन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष. रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर पिशवीवर इरॅडिएटेडचं, म्हणजे किरण दिल्याचं लेबल बघितल्याशिवाय लावू द्यायची नाही, कारण साध्या रक्तातले लिंफोसाइट (टी सेल याच जातीच्या पांढऱ्या पेशी) अशा बाळाच्या अंगात ठाण मांडून त्याच्यावरच हल्ला करतात. रोटाव्हायरस आणि पोलिओचे थेंब यापुढे बंद, आणि मोठ्या मुलीलाही तोंडावाटे पोलिओ द्यायचा नाही, ती तो विषाणू शीतून बाहेर टाकते आणि तो बाळाला लागतो. पल्स पोलिओच्या रविवारनंतर ताया दारात येतील, खडूने खूण करायच्या आधी त्यांना फाईल दाखवा. आणि आईचं दूध चालू ठेवायचं की नाही ते आईच्या सीएमव्ही (दुधातून बाळाला लागू शकणारा विषाणू) टेस्टवर ठरतं, ती झाली नसेल तर उद्याच.

खर्चासाठी आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज नंतर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, ती ठरावीक केंद्रांमार्फतच मिळते आणि मुंबईत केईएम हे त्यातलं एक. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलना १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आजच तहसील ऑफिसात टाका. सिद्धिविनायक ट्रस्टचीही वैद्यकीय मदत असते. सगळीकडे एकाच वेळी अर्ज करा, एकाचं उत्तर आल्यावर दुसरीकडे जाऊ असं करू नका.

चार डॉक्टर झाले असं तुम्ही लिहिलंत त्यात थोडा राग आहे आणि तो असायलाच हवा. मी रेसिडेंट असताना एका तीन महिन्यांच्या बाळाचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजलेला रिपोर्ट, माझ्याकडे आला होता. पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ९०००, हिमोग्लोबिन ठीक, प्लेटलेट ठीक, मी सही केली. खाली लिंफोसाइट १० टक्के लिहिले होते. गुणाकार केला असता तर ९०० आले असते, आणि एवढ्या लहान बाळात ३००० च्या खाली गेलं तरी थबकायला हवं. मी गुणाकार केला नाही. पाच आठवड्यांनी ते बाळ व्हेंटिलेटरवर परत आलं. आता मी रिपोर्ट हातात आला की आधी तो आकडा बघते, सवय लागली ती तशी लागली. वाचणाऱ्या आईबाबांनीसुद्धा बघावा, सीबीसी तर सगळ्यांच्या फाईलमध्ये असतोच.

प्रश्न: फार वर्षांपूर्वी प्लॅस्टिकच्या फुग्यात वाढलेल्या अमेरिकन मुलाबद्दल पेपरात वाचलं होतं. तो हाच आजार का? त्याचं पुढे काय झालं? — वय ७४, विलेपार्ले

उत्तर: हो काका, हाच. डेव्हिड व्हेटर, जन्म १९७१, टेक्सास. त्याचा मोठा भाऊ याच आजाराने आधी गेला होता म्हणून याला जन्मल्याबरोबर निर्जंतुक कक्षात ठेवलं, मॅच मिळेपर्यंत थोडे दिवस म्हणून, आणि ते थोडे दिवस बारा वर्षं झाले. बहीण होती पण पूर्ण मॅच नव्हती आणि तेव्हा अर्ध्या मॅचवर कोणी हात घालत नव्हतं. १९८३ मध्ये नवीन पद्धत आली, बहिणीच्या मॅरोतले टी सेल काढून तो दिला, पण त्यात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू झोपलेला होता. तपासण्यात तो सापडला नव्हता. १९८४ च्या फेब्रुवारीत डेव्हिड गेला.

गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधीच, १९६८ मध्ये, मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी स्किडच्या एका पाच महिन्यांच्या मुलाला बहिणीचा मॅरो देऊन वाचवलं होतं, तो मुलगा मोठा झाला. फरक एवढाच की त्या बहिणीचा जुळला आणि डेव्हिडच्या बहिणीचा नाही. आज तीच केस आली असती तर बाबांचा किंवा आईचा अर्धा मॅच घेऊन काही आठवड्यांत काम उरकलं असतं. अर्धा मॅच कसा, ते सोपं आहे: आईच्या पर्समध्ये दोन नोटा, बाबांच्या पाकिटात दोन, प्रत्येक मूल दोघांकडून एक एक नोट घेऊन येतं. म्हणजे आईबाबा प्रत्येकी अर्धे जुळणारच, आणि भावंडाने नेमक्या त्याच दोन नोटा उचलल्या असण्याची शक्यता चारात एक.

प्रश्न: सुनेला सातवा महिना आहे. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस रोज फोन करतो, म्हणतो पुढे बाळाला काहीही झालं तरी स्वतःच्याच स्टेम सेलने बरं होईल. घ्यावं का? — ठाणे

उत्तर: घरात असा आजार नसेल तर नको. ज्या बाळाच्या जीनमध्येच चूक आहे त्याच्या नाळेतल्या रक्तातही तीच चूक असते, नासकं दूध फ्रीजमध्ये ठेवून ताजं होत नाही. स्वतःसाठी म्हणून असं खासगी साठवण करायची शिफारस आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषदसुद्धा करत नाही. घरात आधीचं मूल आजारी असेल तर मात्र वेगळा विचार, तेव्हा ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा, फोनवाल्याला नाही.

प्रश्न: ताई, माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला सीजीडी (पांढऱ्या पेशींना जंतू आणि बुरशी मारता येत नाही तो जन्मजात आजार) होता. दादाचा हाफ मॅच मॅरो देऊन ट्रान्सप्लांट झालं, आज ८२ वा दिवस, घरी आणलाय. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, सगळी चाळ येते. वहिनी म्हणते या वर्षी कोणी खोलीत यायचं नाही, फुलं नको, दूर्वा नको, फळं तीच निवडणार. काउंट तर नॉर्मल आलेत! लोक नावं ठेवायला लागलेत. एवढं खरंच लागतं का? — एक आत्या, लालबाग

उत्तर: तुमच्या वहिनीला माझा नमस्कार सांगा.

काउंट नॉर्मल म्हणजे रक्तात पेशी आल्यात, त्या शहाण्या झाल्यात असं नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, दोन-तीन आठवड्यांत येतात, पण टी सेल तयार होऊन कामाला लागायला महिने जातात, कधी वर्ष. शिवाय त्याला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल, ते मुद्दाम नव्या पेशींना दाबून ठेवतं. किडनी बदलली तर शरीर किडनीला नाकारतं, इथे उलटं होऊ शकतं, आलेला पाहुणाच यजमानावर उठतो. अंगावर पुरळ, पातळ जुलाब, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप १०० पॉइंट ४ झाला तरी तसंच, क्रोसिन देऊन ‘बघू सकाळी’ नाही, मिरवणुकीचे रस्ते बंद असतील तर कुठल्या बाजूने टॅक्सी निघेल ते आत्ताच ठरवून ठेवा. लालबागमध्ये राहता, मला सांगायला नको.

आता दूर्वा आणि फुलं. सीजीडीच्या मुलांचा मोठा शत्रू म्हणजे अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी, आणि तिचं घर म्हणजे ओली माती, कुजकी पानं, निर्माल्याची पिशवी. नवीन पेशी आल्या तरी इतक्यात परीक्षा नको. पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला जो काळा-हिरवा डाग येतो, कपाटामागे, खिडकीखाली, तोही तोच प्रकार. तो आत्ता पुसायला घेऊ नका, घासला की हवेत उडतो, मुलाला दुसऱ्या घरी ठेवून मग साफ करून रंग द्या. समोर टॉवरचं काम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद.

आणि फळांचं. यात वहिनी तुमच्यापेक्षाच काय, बऱ्याच डॉक्टरांपेक्षा पुढे आहे. गणपतीपुढे आपण पपनस ठेवतो ना, ते या मुलाने अजिबात खायचं नाही, एक फोडसुद्धा नाही. पपनसामुळे या गोळ्यांची रक्तातली लेव्हल वाढते आणि किडनीला त्रास होतो. बाकीची फळं धुऊन, सालं काढून. पंचामृत नको, बाहेरून आलेला प्रसाद नको, कच्ची खोबऱ्याची चटणी नको. उकडीचे मोदक वाफेतून काढून लगेच, तोंड पोळेल इतके गरम नाही पण गरम, खुशाल द्या, तूप घरचं कढवलेलं असेल तर तेही.

लोकांचं काय करायचं. दर्शन बाहेरच्या खोलीत, मुलगा आतल्या खोलीत, आणि आरतीला त्याला दारातून दिसेल अशी सोय करा. खोली एकच असेल तर या वर्षी गणपती शेजाऱ्यांकडे बसवा, चाळीत तेवढं करतात लोक, विचारून तर बघा. एक काम तुम्ही करा, दाराशी तुम्ही उभ्या राहा. आत्याने अडवलं तर लोक दोन दिवस बोलतात, सुनेने अडवलं तर वीस वर्षं.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कॅम्पमध्ये गालाचा स्वॅब दिला होता. आता मॅरो दात्यांच्या रजिस्ट्रीतून फोन आला की एका पेशंटशी मॅच झालंय. मी २१ वर्षांची आहे. मला द्यायचंय पण आई म्हणते अशक्तपणा येईल, उद्या लग्न जमवताना काय सांगायचं. मी हो म्हणून ठेवलंय, घरी नंतर बघू असं ठरवलंय. — माटुंगा

उत्तर: नंतर नाही, आज. अगं, तुला कळावं म्हणून सांगते, पुढे काय होतं: तुझ्या फेरतपासण्या होतील, मग तारीख ठरेल, मग तिकडे पेशंटला केमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो मारून टाकतील. त्या क्षणापर्यंत तू कधीही नाही म्हणू शकतेस, कोणी विचारणार नाही. त्यानंतर नाही म्हटलंस तर त्या माणसाकडे ना जुना मॅरो ना नवा. म्हणून आईला आधी समजाव, फोनवरच्या माणसाशी तिचं बोलणं करून दे.

तिला सांग की बहुतेक वेळा हाडालासुद्धा हात लावत नाहीत. पाच दिवस इंजेक्शन, त्याने स्टेम सेल रक्तात उतरतात, अंग आणि कंबर फ्लूसारखी दुखते, मग चार-पाच तास मशीनला बसायचं, एका हातातून रक्त निघतं, पेशी गाळून दुसऱ्या हातात परत. पुढच्या आठवड्यात तू लोकल पकडायला धावू शकशील. लग्नाच्या प्रश्नावर मी काही बोलत नाही, बोलले तर संपादक कापतील.

प्रश्न: माझा पहिला मुलगा सात महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला. काय आजार होता कोणी सांगितलं नाही. माझे दोन भाऊ मी जन्मायच्या आधी वर्षाच्या आत गेले होते, आईचाही एक भाऊ तसाच. सासरी म्हणतात माहेरचा दोष आहे, शांत करायला हवी. तुमचं मागचं लिहिलेलं वाचून छातीत धस्स झालं. मला आता नववा आठवडा आहे. — विरार

उत्तर: तुमचं पत्र सगळ्यात शेवटी छापतेय पण उत्तर तुम्हाला त्याच दिवशी पाठवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी.

तुम्ही चार ओळींत जे लिहिलंत ते अनेक फाईलींमध्ये सापडत नाही. फक्त मुलगे, फक्त आईच्या बाजूचे, सगळे वर्षाच्या आत. हे एक्स क्रोमोसोमवरून (मुलाला तो आईकडूनच मिळतो) जाणाऱ्या आजाराचं चित्र आहे, स्किड असेल किंवा त्याचाच एखादा भाऊबंद. दोष म्हणाल तर एका जीनमधलं एक अक्षर चुकलंय, तुम्ही काही केल्यामुळे नाही, आणि शांतीने ते अक्षर बदलत नाही. शांत करायचीच असेल तर करा, पण टेस्टनंतर.

याच आठवड्यात परळला जा. केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांचंच काम चालतं. पहिल्या बाळाचे जे काही कागद असतील, अगदी चुरगळलेला सीबीसीसुद्धा, घेऊन जा, आणि तुमच्या आईला बरोबर न्या, भावांचं तिलाच आठवत असेल. तुमच्या रक्तात ती चूक सापडली तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाला ती आहे का बघता येतं. जीनचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, त्यासाठी फॉर्मही बरेच भरावे लागतात, म्हणून घाई. मुलगा असेल तर शक्यता निम्मी, मुलीला आजार होत नाही, फार तर तुमच्यासारखी वाहक होते.

समजा टेस्टला उशीर झाला किंवा तुम्हाला करायचीच नसेल, तरी काही बिघडत नाही, हे नीट वाचा. जन्मल्याबरोबर बाळाचं किंवा नाळेतलं रक्त घेऊन लिंफोसाइट मोजा, टी सेल मोजा. आजार निघाला तरी बाळ त्या दिवशी धडधाकट असतं, आणि साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांटला पोचायला भरपूर वेळ असतो, तुमच्या भावांना मिळाला नव्हता तो. फक्त रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी नाही आणि पोलिओचे थेंब नाहीत. नाव नोंदवाल त्या हॉस्पिटलच्या फाईलवर पहिल्या पानावर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहून घ्या, ‘बीसीजी देऊ नये’. आणि तेवढ्यावर राहू नका. डिस्चार्जच्या सकाळी सिस्टर ट्रे घेऊन ओळीने सगळ्या बाळांना टोचत येते, ती फाईल उघडत नाही, पाय बघते आणि दंड बघते. त्या वेळी बाळाजवळ तुमची आई बसलेली असू दे.